वाशीहून दावणगेरेला गेलेली काळी साडी

सुनेची पहिली संक्रांत आपण स्वतः जातीनं पार पाडायची, असं गौरीशंकर आप्पांनी ठरवलं आणि तिथंच सगळं बिघडलं. एरवी हे बायकांचं खातं. सासूनं काळी साडी घ्यावी, हलव्याचे दागिने करावेत, गल्लीतल्या बायका बोलवाव्यात, वाण लुटावं, झालं. पण आप्पा गेल्या जूनमध्ये शाळेतून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झाले होते. बत्तीस वर्षं जो माणूस सकाळी दहाला हजेरीपटावर सही करून कामाला लागायचा, त्याच्यापुढं आता सकाळी दहाला बायको वाटाण्याच्या शेंगा आणून ठेवत होती. अशा माणसाच्या तावडीत सण सापडला तर तो सोडतो होय? त्यांनी वही काढली, वर 'संक्रांत' असं लिहून खाली दोन रेघा मारल्या आणि गिरिजाबाईंना सांगून टाकलं की यंदा तुम्ही यात लक्ष घालू नका.

गिरिजाबाईंनी खरंच घातलं नाही. नवरा घरात बसून डब्यांवर लेबलं चिकटवत होता, त्यापेक्षा हे बरं, असा त्यांनी विचार केला असावा.

सून शिवप्रिया दावणगेरेची. बार्शीजवळची ही वाशी कुठं अन् दावणगेरे कुठं. पण ती आणि आप्पांचा मुलगा विरेश बंगळुरात एकाच कंपनीत होते, आणि दोन्ही घरं लिंगायत. गळ्यातलं लिंग तेच, कपाळावरचं भस्म तेच. भाषा सोडली तर फरकच काय, असं आप्पांचं म्हणणं. भाषेचंही त्यांना विशेष वाटत नसे, कारण आपल्याला कानडी येतं अशी त्यांची समजूत होती. पणजोबा अक्कलकोटकडचे. त्या पुण्याईवर आप्पांना 'बन्नी', 'कूड्री' आणि 'ऊट आयता' एवढं यायचं. म्हणजे या, बसा, आणि जेवण झालं का. पाहुण्यांशी याहून जास्त बोलायचं तरी काय असतं? लग्न मे महिन्यात सोलापूरच्या कार्यालयात झालं, तेही सगळं आपल्या पद्धतीनं, हिरवा शालू, हिरवा चुडा. मुलीकडच्यांनी कशालाच हरकत घेतली नाही. म्हणजे त्यांच्यातही असंच असणार, हे आप्पांनी गृहीत धरलं.

घरात एकच माणूस होतं ज्यानं काहीच गृहीत धरलं नाही. ते म्हणजे आप्पांची थोरली बहीण, लक्ष्मीबाई. तिला सगळी गल्ली अक्का म्हणायची. सव्विसाव्या वर्षी नवरा गेला, तेव्हापासून अक्का या घरात होती, म्हणजे अडतीस वर्षं. ती भाकरी थापता थापता म्हणाली, "आदी त्यांना इचार की, त्यांच्यात चालती का काळी."

आप्पा हसले. संक्रांतीला काळी साडी चालते का, हे विचारायचं? उद्या म्हणशील दिवाळीला दिवा चालतो का ते विचार. थंडीत काळा रंग ऊब धरून ठेवतो, यामागं शास्त्र आहे, आणि शास्त्र काही हद्द बघून बदलत नाही. हे शास्त्र त्यांना शेजारच्या व्यंकटरावांनी सांगितलं होतं. व्यंकटराव एसटीत कंट्रोलर होते, आणि जन्मभर माईकवर बोलल्यामुळं ते काहीही बोलले तरी ते अधिकृत वाटायचं.

तर आप्पा आणि व्यंकटराव साडी घ्यायला बार्शीला गेले. दोन बायका साडी घ्यायला गेल्या तर वेळ लागतो म्हणतात. हे दोन पुरुष सकाळी अकराला दुकानात बसले ते दिवेलागणीला उठले. दुकानदारानं काळ्या साड्या काढल्या, कशाला मोरपंखी काठ, कशावर सोनेरी बुट्टे, कशाचा पदर लाल. आप्पा एकेक बाजूला सारत गेले. त्यांचा हिशोब सरळ होता. अंगावर पांढऱ्याशुभ्र हलव्याचे दागिने येणार. साडी जितकी काळी तितके दागिने उठून दिसणार. म्हणून साडीवर दुसरा रंग नावालाही नको. दुकानदार म्हणाला, मालक, एवढी कोरी काळी कुणी घेत न्हाय, बारीक तरी जरीची रेघ असू द्या. व्यंकटरावांनी त्याला शास्त्र सांगितलं. शेवटी माळ्यावरून एक साडी निघाली. काठ काळा, पदर काळा, बुट्टेही काळ्यावर काळे, ते फक्त उजेडात तिरकं धरलं तर दिसत. आप्पा खूष झाले.

आता प्रश्न आला ब्लाऊजचा. हळदीकुंकू ठरलं होतं रथसप्तमीच्या आधीच्या रविवारी, आणि सून येणार होती आदल्या रात्री बंगळुराहून निघून थेट त्या दिवशी दुपारी. ब्लाऊज शिवणार कधी? तिची मापं दावणगेरेच्या शिंप्याकडं. म्हणून आप्पांनी ठरवलं की साडी आधीच दावणगेरेला व्याह्यांकडं पाठवायची, त्यांनी ब्लाऊज शिवून घ्यायचा, आणि व्याह्यांनीही कार्यक्रमाला यायचं. सोबत तीळगूळ, हलव्याचे दागिने आणि सविस्तर पत्र. पत्र आप्पांनी तीनदा लिहिलं. विषय, संदर्भ, महोदय, सगळं होतं त्यात. आमच्या प्रांती नववधूस पहिल्या संक्रांतीस काळे वस्त्र देण्याचा प्रघात असून, इथपासून ते कळावे लोभ असावा पर्यंत. घडी घालून ते दागिन्यांच्या डब्यात, बिंदीच्या खाली ठेवलं, म्हणजे हरवायला नको.

कुरिअरच्या दुकानात एक तरुण बाई बसली होती. तिनं विचारलं, आत काय आहे? आप्पांनी यादी दिली, तीन प्रतींत. तिनं वाचून सांगितलं की तीळगूळ जाणार नाही, खायची वस्तू आम्ही घेत नाही. बरं, आप्पांनी तीळगूळ काढला. हलव्याचे दागिने म्हणजे काय? आप्पांनी सांगितलं, साखरेचे असतात, तिळावर पाक चढवून करतात. म्हणजे खायचे, ती म्हणाली, नाही जाणार. आप्पा म्हणाले, अहो खायचे नाहीत, अंगावर घालायचे आहेत, दागिने आहेत ते. यावर त्या बाईनं भिंतीवरच्या पाटीकडं बोट केलं. दागिने तर मुळीच घेत नव्हते.

आप्पांनी त्यापुढं अर्धा तास वाद घातला. दागिने असतील तर ते खाद्यपदार्थ नव्हेत आणि खाद्यपदार्थ असतील तर ते दागिने नव्हेत. दोन्ही नियम एकाच वस्तूला कसे लागतील, हे त्यांनी तिला नियमांच्याच भाषेत पटवायचा प्रयत्न केला. मागं लाईन वाढली. कुणीतरी म्हणालं, आजोबा, आवरा. आजोबा! एकोणसाठाव्या वर्षी! आप्पांनी रागानं डबा उचलून पिशवीत टाकला आणि नुसती साडी काउंटरवर ठेवली. साडी गेली. डबा परत आला, आणि डब्यात बिंदीच्या खाली पत्रही परत आलं. बत्तीस वर्षांत सोबतचा कागद न जोडता ज्यांच्या हातून एक टपाल बाहेर गेलं नव्हतं, त्या आप्पांच्या हातून ती कोरी काळी साडी, कसल्याही खुलाशाविना, कर्नाटकात गेली.

आणि हे त्यांच्या लक्षातही आलं नाही.

चौथ्या दिवशी सकाळी व्याह्यांचा, चन्नबसप्पांचा फोन आला. चन्नबसप्पांचं हिंदी आणि आप्पांचं हिंदी अशी दोन हिंदी समोरासमोर आली. चन्नबसप्पांनी फार हळू आवाजात विचारलं की सगळे बरे आहेत ना. आप्पा म्हणाले, एकदम मजेत. मग त्यांनी गिरिजाबाईंची चौकशी केली. मग अक्कांची. मग आप्पांच्या धाकट्या भावाची, त्याच्या बायकोची, लग्नात जेवताना शेजारी बसलेल्या एका म्हाताऱ्या मामांची, नावानिशी. सगळे बरे होते. दर वेळी पलीकडं थोडं थांबणं व्हायचं. मग आप्पांनी रविवारी कार्यक्रमाला सगळ्यांनी यायचंच असं बजावलं आणि विचारलं की साडी मिळाली का, पसंत पडली का.

चन्नबसप्पांनी तो प्रश्न आधी घरातल्यांना कानडीत सांगितला. मग म्हणाले, "आपने भेजी. हमने रख ली."

फोन ठेवून आप्पा भारावून गेले. एकेकाचं नाव घेऊन विचारपूस केली, माणसं असावीत तर अशी, असं त्यांनी गल्लीभर सांगितलं. दुसऱ्या दिवशी शिवम्मांच्या, म्हणजे विहीणबाईंच्या भावाचा फोन आला, त्यांनीही तशीच यादी विचारली. तिसऱ्या दिवशी आणखी कुणाचा. व्यंकटरावांना यात काळंबेरं वाटलं. त्यांच्या मते ही मंडळी आपल्याकडची माणसं मोजत होती, आणि माणसं मोजतो तो काहीतरी मागणार असतो. अक्का परातीत तीळ निवडत होती. ती म्हणाली, "साडीचं कायतरी हाय त्ये. पोरीला फोन लाव."

पण पोरीला कुणी फोन लावला नाही. इकडं आप्पांना सुनेला साडीचं गुपित फोडायचं नव्हतं. तिकडं, हे नंतर कळलं, चन्नबसप्पांनी घरात सक्त ताकीद दिली होती की सासरहून काय आलंय ते शिवप्रियाच्या कानावर जाता कामा नये, तिचं मन मोडेल. त्यांच्या घरात सणाला काळा दोराही कुणी वापरत नसे. लेकीच्या सासरहून सणाच्या तोंडावर पार्सल येतं, आत ना गूळ, ना खोबरं, ना चिठ्ठी. एक कोरी काळी साडी. शिवम्मा पार्सल उघडून मटकन खाली बसल्या होत्या. आधी त्यांना वाटलं कुणीतरी गेलं. सगळे जिवंत आहेत हे फोनवरून कळल्यावर तर जास्तच वाईट झालं, कारण मग याचा अर्थ एकच उरत होता, की त्यांना आपली मुलगी नकोशी झाली.

इकडं आप्पांचं कार्य वाढत चाललं होतं. व्यंकटरावांच्या सुनेनं मोबाईलवर पुण्यातला कुठला तरी कार्यक्रम दाखवला, त्यात झोपाळ्यामागं काळा पडदा आणि त्यावर पांढरे पतंग लावले होते. झालं, आप्पांना तसाच पडदा पाहिजे. मंडपवाल्याकडं काळं कापड एकच होतं, मागं कसल्याशा निषेध सभेला नेलेलं. ते मात्र भरपूर निघालं. झोपाळ्यामागं लावून उरलं, ते दारावर लावलं. दारावर लावून उरलं, ते फाटकाच्या दोन खांबांना गुंडाळलं. पतंगांचा पुठ्ठा सकाळी दंवात भिजला म्हणून पतंग राहिले. गल्लीत निरोप गेला होता की सगळ्यांनी काळ्यातच यायचं. बायकांनी हे फारच मनावर घेतलं, कारण काळी साडी वर्षात एकदाच निघते. रविवारी दुपारी दोन वाजता आप्पांच्या अंगणात चाळीस बायका काळ्या साड्या नेसून पांढऱ्या खुर्च्यांवर ओळीनं बसल्या होत्या. सून अजून आली नव्हती, म्हणून सगळ्या गप्प होत्या आणि रस्त्याकडं बघत होत्या. पुरुष बाहेर भिंतीला टेकून उभे होते, कारण बसायला जागा नव्हती.

तेवढ्यात दावणगेरेची जीप आली.

जीपमधून आधी चन्नबसप्पा उतरले. पांढरं धोतर, पांढरा पटका, कपाळावर भस्माचे तीन पट्टे. त्यांनी फाटकाकडं पाहिलं, दाराकडं पाहिलं, मग बायकांच्या ओळीकडं पाहिलं आणि जीपचं दार धरून तसेच उभे राहिले. मागून शिवम्मा उतरल्या. त्यांची नजर भराभर फिरली. व्याही उभे आहेत. विहीण उभी आहे. आणि जावई कुठंच दिसत नाही.

शिवम्मांनी हंबरडा फोडला आणि धावत येऊन गिरिजाबाईंच्या गळ्यात पडल्या.

गिरिजाबाईंना कानडीतलं अक्षर कळत नव्हतं. पण त्या रडण्यात दोन नावं त्यांना स्पष्ट ऐकू आली, विरेश आणि शिवप्रिया. आणि विरेश नि शिवप्रिया रात्री बंगळुराहून गाडीत बसले होते, बाराला सोलापूर सोडलं असा फोन होता, आता दोन वाजून गेले तरी पत्ता नव्हता. पोरीची आई दारात येऊन पोरीचं नाव घेऊन रडते म्हटल्यावर पोराच्या आईच्या मनात दुसरं येणार तरी काय? गिरिजाबाईंनी शिवम्मांना मिठी मारली आणि त्यांचाही बांध फुटला. दोन विहिणी एकमेकींच्या खांद्यावर डोकं ठेवून रडायला लागल्या तशी गल्ली थांबेल का? पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत पदर डोळ्यांना लागले. चाळीस काळ्या साड्या रडताना बघून जीपमधल्या उरलेल्या सहा जणांचीही खात्री पटली.

आप्पा फाटकाकडं धावले. त्यांनी खांब धरला, तर खांबाचं काळं कापड सुटून त्यांच्या डोक्यावर आलं. ते बाजूला करायचंही त्यांना सुचलं नाही. त्यांनी विरेशला फोन लावला. बाई सांगत होती, संपर्क क्षेत्राच्या बाहेर. पुन्हा लावला, पुन्हा तेच. एकुलता एक पोरगा. सकाळी फोनवर त्यानं विचारलं होतं, आप्पा, काही आणू का, तर आपण म्हणालो होतो, वेळेवर ये म्हणजे झालं. शेवटचं बोलणं हे. आप्पा चन्नबसप्पांजवळ गेले. काय झालं, कुठं झालं, कसं झालं, सगळं विचारायचं होतं, पण त्यांच्या तोंडून आपलं आलं ते, "बन्नी. कूड्री."

चन्नबसप्पांनी व्याह्याचे दोन्ही हात हातात घेतले. एवढा घाव पडलेला असतानाही हा माणूस पाहुण्याला बसा म्हणतो, हे बघून त्यांना गलबलून आलं. तेही रडले. दोघं पुरुष फाटकात हातात हात घेऊन रडत राहिले.

व्यंकटरावांनी तेवढ्यात पोलीस पाटलांना फोन केला होता, आणि आवाज खाली करून सगळ्यांना सांगत होते की अपघात बहुतेक तुळजापूरच्या घाटात झाला असणार, तिथं वळण वाईट आहे.

अशा वेळी कोपऱ्यावर रिक्षा थांबली. तीतून विरेश उतरला. एका हातात बॅग, दुसऱ्या हातात अर्धा खाल्लेला पेरू. मागून शिवप्रिया, पेरूची पिशवी घेऊन. विरेश काळ्या कापडातून वाकून आत आला, समोर आई रडते, सासू रडते, बाप आणि सासरा हातात हात धरून उभे.  पेरू तोंडापाशी धरूनच त्यानं विचारलं, "कोण गेलं?"

बायका एकमेकींकडं बघू लागल्या.  गिरिजाबाईंनी त्याच्याकडं पाहिलं, मग शिवम्मांकडं पाहिलं, मग पुन्हा त्याच्याकडं पाहिलं आणि उठून त्याच्या पाठीत एक सणसणीत धपाटा घातला. आप्पा खाली पायरीवर बसले. 

पुढचा अर्धा तास शिवप्रियाचा. एकदा कानडीत, एकदा मराठीत, मध्येच स्वतः हसत नि डोळे पुसत तिनं दोन्ही बाजूंचे धागे सोडवले. इकडं संक्रांतीला काळंच नेसतात, नव्या सुनेचा मान असतो तो, हे तिला विरेशनं केव्हाच सांगितलं होतं. साडी आधीच दावणगेरेला गेलीय हे मात्र तिला कुणीच सांगितलं नव्हतं. शिवम्मा ऐकत होत्या आणि ओळीतल्या एकेका बाईच्या काळ्या साडीकडं नव्यानं बघत होत्या. चन्नबसप्पांनी जीपमधून एक गाठोडं आणवलं. लाल फडकं, त्यावर सात गाठी, आत दोन लिंबं, आणि त्याच्या आत ती साडी. मानानं परत करायला आणली होती. ब्लाऊज अर्थात शिवलेला नव्हता.

साडी बाहेर काढल्यावर गल्लीतल्या बायकांनीही ती पहिल्यांदाच पाहिली. कुणी पदर उलटून बघितला, कुणी काठ. मग व्यंकटरावांची बायको म्हणाली की आप्पा, आम्हीसुद्धा अशी नेसत नाही, एखादा काठ तरी बघायचा. आप्पांनी व्यंकटरावांकडं पाहिलं. व्यंकटराव पोलीस पाटलांना आता येऊ नका म्हणून सांगायला बाहेर गेले होते.

असो. सासूचाच एक ब्लाऊज चार ठिकाणी पिना लावून शिवप्रियाला बसवला, तिनं ती साडी नेसली, वर हलव्याचे हार, बाजूबंद, बिंदी. आणि खरं सांगायचं तर आप्पांचा हिशोब चुकला नव्हता. पोर झोपाळ्यावर बसली तेव्हा त्या काळ्यावर एकेक दाणा चमकत होता. शिवम्मांनी पुढं होऊन तिच्या कपाळाला भस्म लावलं, उगीच जोखीम नको म्हणून, आणि तिचा गालगुच्चा घेतला. आप्पांच्या जीवात जीव आला. पत्र वाचून दाखवावं का, असंही एकदा त्यांच्या मनात येऊन गेलं.

मग शिवम्मा विहिणीची ओटी भरायला उठल्या. त्यांनी पिशवीतून रेशमी साडी काढली आणि दोन्ही हातांनी गिरिजाबाईंच्या ओटीत घातली. साडी पांढरीशुभ्र होती. काठ तेवढा लाल.

गिरिजाबाईंचे हात तसेच पसरलेले राहिले. अंगणात कुणीतरी अगंबाई म्हणालं. आप्पा दोन हातांच्या अंतरावर उभे होते, धडधाकट, नवा सदरा घालून. आणि त्यांच्या डोळ्यांदेखत, त्यांच्या दारात, चाळीस बायकांसमोर त्यांच्या बायकोच्या ओटीत पांढरी साडी पडली होती. त्यांनी नकळत आपल्या छातीवर हात ठेवून बघितलं. पोराच्या मरणाची बातमी पचवून अर्धा तास झाला नाही तोवर आता स्वतःची. त्यांना पहिल्यांदाच चन्नबसप्पांचा राग आला. आम्ही चुकलो ते चुकीनं; तुम्ही हे समजून उमजून, एवढ्या लांबून, जीप करून?

शिवम्मा हसतच होत्या. मग कुणीच हसत नाही हे बघून त्यांनी लेकीकडं पाहिलं. शिवप्रिया झोपाळ्यावरून उडी मारून खाली आली, बाजूबंद तुटून तिळाचे दाणे अंगणभर झाले. ती म्हणाली, "आई, घाबरू नका. आमच्या घरात ही नवरीची साडी. अक्षता पडतात तेव्हा नवरी पांढरीच नेसते. आमच्या आईनं माझ्यासाठी घेतली होती. सोलापूरला शालू ठरला, म्हणून ती तशीच राहिली."

आता शरमेची पाळी इकडच्यांची होती. लेकीच्या लग्नातली साडी त्या बाईनं आठ महिने पेटीत ठेवली, एका शब्दानं बोलली नाही, आणि आपल्या घरातलं सगळ्यात शुभ असेल ते घेऊन ती अपमान विसरायला आली होती. गिरिजाबाईंनी साडी कपाळाला लावली. बायका पुढं सरकल्या, काठ हातात घेऊन बघू लागल्या, नवरी अन् पांढऱ्यात, ऐकावं ते नवलच, असं एकमेकींना सांगू लागल्या.

गोंधळ ऐकून अक्का स्वयंपाकघराच्या दारात आली होती. हळदीकुंकवाला ती कधी अंगणात येत नसे. कुणी येऊ नको म्हणालेलं नव्हतं आणि कुणी ये म्हणालेलं नव्हतं. तिळाचं पीठ हाताला लागलेलं, अंगावर नेहमीची पांढरी, काठ नसलेली. तिनं हात पदराला पुसले, पुढं येऊन ती रेशमी साडी दोन बोटांत धरून पाहिली, आणि शिवप्रियाला विचारलं, "ही नवरी नेसती?"

"हो, आत्या."

अक्कानं आपल्या पदराकडं पाहिलं. मग सगळ्यांकडं बघून म्हणाली, "म्हंजे मी अडतीस वर्सं नवरीच्याच रंगात हाय म्हणा की. काठ तेवढा द्यायचा ऱ्हायला."

बायका हसल्या. अक्कापण हसली, तिच्या हसण्यात काही कडू नव्हतं. शिवप्रियानं ते कानडीत सांगितलं तेव्हा शिवम्मा मात्र हसल्या नाहीत. त्यांनी अक्काचा पिठाचा हात हातात घेतला आणि धरून ठेवला.

आप्पांनाही हसता आलं नाही. आज दिवसभरात त्यांना इतके धक्के बसले होते की आता काही उरलंय असं त्यांना वाटत नव्हतं. पण हा निराळाच होता. अक्काच्या साड्या तेच आणायचे. दर दिवाळीला दोन, न चुकता, स्वतः बार्शीला जाऊन. बहिणीला कधी काही कमी पडू दिलं नाही, हे ते चार लोकांत अभिमानानं सांगायचे. दुकानात पाच मिनिटं लागायची. परवा सुनेसाठी एक काळी साडी निवडायला त्यांनी दिवस घातला होता, आणि या अडतीस वर्षांत आणलेल्या त्या सगळ्या पांढऱ्या साड्यांपैकी एकीसाठीही दुकानदारानं दुसरी उलगडून दाखवलेली त्यांना आठवत नव्हती. पहिली साडी वडिलांनी आणली होती. पुढं वडील गेले, मग आपण आणत राहिलो. का, हे कुणी विचारलं नाही, अक्कानंही नाही.

ते तिळाचे दाणे चुकवत अंगण ओलांडून तिच्यापाशी गेले. सगळ्यांसमोर विचारायचं त्यांच्या मनात नव्हतं, पण आवाज हवा तेवढा खाली गेला नाही.

"अक्का, तुला कुठला रंग आवडतो गं?"

"वांगी," अक्का म्हणाली. विचार करायला ती थांबलीसुद्धा नाही. "बारीक बुट्ट्याची. अन् दुकानात नीट बघून घे, तुला फरक कळत न्हाय. जांभळी घेऊन येशील. जांभळी नको मला. वांगी."